श्वास धरून ठेवा

खोलीत अंधार आहे. पोटावर ओतलेली जेल गारढोण, आणि उजव्या बरगडीखाली डॉक्टर तो प्रोब असा दाबतायत की काल रात्रीची कळ पुन्हा आठवावी. काल दुपारी लग्नाच्या पंगतीत मसालेभातावर तुपाची धार झाली, आग्रहाच्या चार जिलब्या झाल्या, संध्याकाळी उरलेल्या भज्यांनाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत. रात्री दोनला पोटाच्या वरच्या भागात कुणीतरी पिळा घातला. तो उजव्या खांद्यामागे जाऊन बसला आणि पहाटे पाचला आपणहून सुटला.

पडद्यावर करड्या धुक्यात छोट्या वांग्याच्या आकाराचं एक काळं तळं दिसतंय. त्याच्या तळाशी पांढरा ठिपका, ठिपक्यामागे काळी पट्टी. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते, तशी ही आवाजाची सावली.

"डाव्या कुशीवर वळा." ठिपका घरंगळतो. "एकच आहे. बारा मिलिमीटर. पित्ताशयातला खडा."

तुमचा प्रश्न तयारच आहे. "मग फोडून टाकता येईल ना? माझ्या मेहुण्याचा मुतखडा मशीनवर फोडला. सकाळी गेला, संध्याकाळी घरी. चिरफाड नाही, टाके नाहीत."

डॉक्टर हसतात. "सगळे हेच विचारतात. तो खडा वेगळा, हा वेगळा." बाहेर बाकावर बारा जण खोळंबलेत, त्यातल्या निम्म्यांना पोटभर पाणी पाजून ठेवलंय. सविस्तर सांगायला डॉक्टरांना सवड नाही. "श्वास आत घ्या. धरून ठेवा."

तुम्ही धरता. प्रश्न वेडगळ नव्हता. जर्मनीतल्या एका मोठ्या इस्पितळाने एकेकाळी हाच प्रश्न विचारला, त्यासाठी यंत्र वापरलं, शेकडो माणसांच्या पोटावर ते चालवून पाहिलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. उत्तर हवं असेल तर तिकडेच जायला हवं. छाती ताठलीय, कान बधिरलेत, आणि कुणीतरी म्हणतं, "सोडा."

जेलचा गारवा जातो, नाकात कार्बोलिकचा वास शिरतो. १५ जुलै १८८२. बर्लिनच्या बेर्नाउअर रस्त्यावरचं लाझारुस इस्पितळ. (याच रस्त्यावरून पुढे बर्लिनची भिंत जाणार आहे, पण त्याला अजून जवळजवळ ऐंशी वर्षं अवकाश आहे.) जरा जास्तच मागे आलात. असू द्या, इथलं एक वाक्य तुम्हाला शेवटपर्यंत पुरणार आहे.

टेबलावर त्रेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ भुलीखाली पडलाय. पित्ताच्या कळांनी त्याला कित्येक वर्षं छळलंय. शस्त्रक्रिया करणारे कार्ल लांगेनबुख. त्याआधीही पोट उघडून पित्तखडे काढले गेले होते. १८६७ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्ज यांनी पित्ताशयाला चीर देऊन खडे बाहेर काढले होते. पण पिशवी जागच्या जागी ठेवली होती. लांगेनबुख यांचं म्हणणं वेगळं. पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची असं नाही, ती खडे तयार करते म्हणून काढायची. आणि ती नसली तर काही अडतं का? घोड्याला पित्ताशय नसतं, हत्तीलाही नसतं, दोघंही धडधाकट. यकृत पित्त बनवत राहतं आणि ते थेट आतड्यात उतरतं.

तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता. रुग्णाला ताप नाही, दुखणं फारसं नाही, आणि तो चक्क सिगार ओढतोय. जगातली पित्ताशय काढण्याची ही पहिली शस्त्रक्रिया, आणि रोगी धूर सोडत पडलाय! आजच्या परिचारिकेने त्याची काय गत केली असती!

पण पोटावरचा तो छेद तुम्ही पाहिलात. पुढची शंभर वर्षं हाच उपाय राहणार आहे: बरगडीखाली वीतभर चीर, इस्पितळात आठवडाभर, घरी महिना-दीड महिना, आणि जन्मभराचा व्रण. आपल्याकडे सायकलवर बसायचं नाही, हंडा उचलायचा नाही, असं बजावलेल्या मावश्या-आत्या तुम्हाला आठवतात. तुम्हाला ते नको आहे. छाती पुन्हा भरून घ्या.

वाटेत बोडन तलावाकाठी फ्रीड्रिशहाफेनला क्षणभर उतरायला हरकत नाही. इथे डॉर्निअर नावाची विमानं बनवणारी कंपनी आहे. आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान पावसात शिरलं की पाण्याचे थेंब त्याच्या पत्र्याला खड्डे पाडतात. का, हे शोधता शोधता कंपनीच्या लोकांना कळलं की थेंबाच्या माऱ्याने धातूत आघातलहर निर्माण होते आणि ती नुकसान आतपर्यंत नेते. १९६६ मधला एक किस्सा इथे सांगतात. अतिवेगवान गोळीचा मारा चाललेला असताना एका इंजिनियराचा हात त्या लक्ष्याला टेकलेला होता. त्याच क्षणी गोळी आदळली आणि विजेचा झटका बसावा तसं त्याला झालं. वीज तर कुठेच नव्हती. हाताच्या कातडीवर खूणही नव्हती. लहर त्याच्या शरीरात शिरून गेली होती.

कातडी शाबूत, आणि लहर आत. यावरून एखाद्याला खडा आठवायला काही वर्षं लागली, पण आठवला.

आता म्युनिक. आणि इथे मात्र पाय रोवून उभे राहा.

जानेवारी १९८५. युरोपात त्या महिन्यात हाडं गोठवणारी थंडी पडलीय. शहराच्या नैर्ऋत्येला ग्रोसहाडेर्न इथे विद्यापीठाचं प्रचंड इस्पितळ उभं आहे. अॅल्युमिनियमने मढवलेली ती लांबलचक, चपटी, उंच इमारत. म्युनिककर तिला 'टोस्टर' म्हणतात, आणि ते किती चपखल आहे हे बर्फावरून चालत जवळ गेल्यावर पटतं. भुयारी रेल्वे इथवर १९९३ मध्ये येणार. तोवर बस आणि पाय.

या इस्पितळाला खडे फोडण्याचा अनुभव आहे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी इथेच क्रिस्टियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉर्निअरच्या यंत्रावर जगातला पहिला मूत्रपिंडातला खडा शरीराबाहेरून फोडला. मेहुण्याची ती 'मशीन' याच वंशातली. आता वॉल्टर ब्रेंडेल यांच्या शस्त्रक्रिया संशोधन संस्थेतले लोक आणि गुस्टाव्ह पाउमगार्टनर यांच्या विभागातले पोटविकारतज्ज्ञ एकत्र आलेत. टिलमान झाउअरब्रुख, मिशाएल डेलिउस वगैरे मंडळी. कुत्र्यांच्या पित्ताशयात माणसाचे खडे ठेवून ते फोडण्याचे प्रयोग झालेत. आता माणसाची पाळी.

खोलीच्या मध्यभागी पोलादी टब आहे. आत कोमट पाणी, तेही हवा काढून घेतलेलं, कारण लहरीला वाटेत बुडबुडा भेटला की तिची ताकद तिथेच सांडते. टबाच्या तळाशी पितळेचं एक खोलगट भांडं. त्याचा आकार लंबवर्तुळाच्या अर्ध्या भागाचा. शाळेत भूमितीच्या तासाला ज्या दोन नाभींनी तुम्हाला छळलं, त्या आज कामी येणार आहेत. लंबवर्तुळाच्या एका नाभीतून निघालेली लहर भिंतीवर आपटून नेमकी दुसऱ्या नाभीत गोळा होते. पहिल्या नाभीत दोन विजाग्रं आहेत. त्यांच्यामध्ये वीसेक हजार व्होल्टची ठिणगी पडते. पाणी क्षणात वाफ होऊन फुटतं आणि आघातलहर सुटते. दुसऱ्या नाभीत खडा आणून ठेवायचा. सगळी विद्या या 'आणून ठेवण्या'त आहे.

मुतखडा बहुधा क्ष-किरणांत दिसतो. पित्ताशयातले बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे, ते क्ष-किरणांत दिसतच नाहीत. त्यामुळे इथे नेम धरायला सोनोग्राफी आहे. पडद्यावर तोच काळा तलाव, तोच पांढरा ठिपका, आणि त्यावर फुलीची खूण. रुग्ण भुलीखाली आहे. श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, त्याला चिकटलेलं पित्ताशय खालीवर होतं, आणि खडा फुलीतून निसटतो. जवळच फुप्फुस आहे. लहर तिथल्या हवेपर्यंत पोहोचली तर फुप्फुसाला इजा होईल. त्यामुळे अंगुळभर चूकही चालणार नाही.

फाट!

दचकलात ना? खोलीतल्यांच्या कानांवर संरक्षक उगीच नाहीत. प्रत्येक ठिणगी हृदयाच्या ठोक्याशी बांधलेली आहे. ईसीजीवर ठोक्याची शेंडी आली की लगेच ठिणगी, म्हणजे हृदयाची लय बिघडू नये. त्यामुळे खोलीत त्या माणसाच्या काळजाची गतीच फटाक्यांसारखी ऐकू येते. फाट. फाट. फाट. शेकडो वेळा.

शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच, म्हणून लहर कातडीतून, चरबीतून, यकृतातून फारशी अडखळत नाही. खड्याशी मात्र माध्यम बदलतं. लहर आधी खडा दाबते. मग त्याच्या मागच्या भिंतीवरून उलटते आणि त्याला आतून ताणते. दाब दगड सोसतो, ताण सोसत नाही. शिवाय खड्याभोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पृष्ठभाग कुरतडतात. पडद्यावर बघा. तो ठसठशीत पांढरा ठिपका आता कडेने धूसर झालाय. आणखी काही फटाके, आणि तळ्याच्या तळाशी ठिपक्याच्या जागी भुरभुरणारा ढग आहे. काचेचा गोळा हलवल्यावर त्यातला खोटा बर्फ उडतो, तसा.

खोलीत कुणी टाळ्या वाजवत नाही, पण चेहरे बघण्यासारखे आहेत. पोटावर चीर नाही, आणि आत दगडाची वाळू झालीय.

१९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या मंडळींचा लेख येईल: चौदा रुग्ण, नऊ पित्ताशयातल्या खड्यांचे आणि पाच पित्तनळीतल्या खड्यांचे. त्यानंतर जगभरातून लोक टोस्टरच्या दारात येऊ लागतील. त्यात आता तुम्हीही आहात. श्वास धरा, दोन वर्षं पुढे सरका.

१९८७. या वेळी बघे म्हणून नाही, रुग्ण म्हणून.

आधी चाळणी. खडे तीनपेक्षा जास्त नकोत. तीन सेंटिमीटरहून मोठा नको. त्यात चुना नको, म्हणजे क्ष-किरणात दिसायला नको. पित्ताशय चालतं असलं पाहिजे. त्यासाठी आदल्या रात्री गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी फोटो काढायचा, त्यात पिशवी उजळून दिसली पाहिजे. पित्तखड्यांचे बहुसंख्य रुग्ण इथेच गळतात. पाचातला एखादा टिकतो. तुमचा एकुलता बारा मिलिमीटरचा खडा हा या डॉक्टरांचा लाडका खडा आहे. तुम्हाला थोडा अभिमानही वाटतो. माणसाला कशाकशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.

टब गेलाय. त्याच्या जागी टेबलाला लावलेली पाण्याने भरलेली मऊ उशी आहे. तुम्ही पालथे, उशी पोटाला चिकटलेली, मधे जेल. पूर्ण भूल नाही, शिरेतून दिलेलं दुखणं मारणारं इंजेक्शन फक्त. पहिला ठोका बसतो. रबर ताणून पोटावर सोडावं तसं. दुसरा. तिसरा. शंभराव्यापर्यंत तुम्ही मोजता, मग सोडून देता. डॉक्टरांचं लक्ष पडद्यावर, तुमचं टेबलाच्या कडेवर. मधूनच कुणीतरी जर्मनमध्ये सांगतं आणि भाषा येत नसूनही तुम्हाला बरोबर कळतं: श्वास धरा.

संपतं. पोटावर तांबूस ठिपके उठलेत, तेवढीच खूण. खडा फुटला. तुम्ही घरी जायला निघता, पण तुमच्या हातात गोळ्यांची पाकिटं येतात.

इथे मेहुण्याची आणि तुमची वाट वेगळी होते.

मुतखडा फुटला की त्याचा चुरा लघवीच्या धारेबरोबर वाहून जातो. दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी त्या नळीतून खळाळतं. भरपूर पाणी प्या म्हणतात ते याचसाठी. पित्ताशयाची गोष्ट निराळी. ती एक तोंडाची पिशवी आहे. ज्या नळीने पित्त आत जातं, त्याच नळीने बाहेर येतं, आणि ती नळी काही मिलिमीटर रुंदीची, आतून पीळदार. वाहतं पाणी नाहीच. तुपकट काही खाल्लं की पिशवी आकसते आणि थोडं पित्त ढकलते. म्हणजे मुतखडा नदीत पडलेला आणि पित्तखडा बाटलीत. बाटलीतला दगड फोडला तरी चुरा बाटलीतच राहतो.

म्हणून गोळ्या. उर्सोडिऑक्सिकोलिक आणि चिनोडिऑक्सिकोलिक, ही दोन पित्ताम्लं. यातल्या पहिल्याच्या नावात अस्वल आहे, कारण ते प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडलं. ही आम्लं कोलेस्टेरॉल हळूहळू विरघळवतात. खडा अखंड असता तर बाहेरून चाटत बसावं लागलं असतं. चुरा झाल्याने पृष्ठभाग वाढला, काम जरा लवकर होणार. 'जरा' या शब्दावर जोर आहे.

पहिला महिना जुलाबात जातो. दुसऱ्या महिन्यात एका रात्री तीच कळ, तोच पिळा. एक कण नळीत अडकून पुढे सरकतोय. म्युनिकच्या रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाला उपचारानंतर अशा कळा आल्या. क्वचित एखाद्याचा कण पुढे जाऊन स्वादुपिंडाला सूज आणतो. पहिल्या पावणेदोनशे रुग्णांत असे दोन. तुम्ही अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन बसता आणि विचार करता: ऑपरेशन केलं असतं तर एव्हाना टाके निघाले असते.

तिसरा महिना, सोनोग्राफी: अजून चुरा. सहावा: थोडा कमी. दहाव्या महिन्यात कुशीवर वळल्यावर काही घरंगळत नाही. तळं नितळ. तुम्ही खडामुक्त झालात.

१९८८ मध्ये म्युनिकच्याच झाकमान आणि सहकाऱ्यांनी त्या पहिल्या १७५ रुग्णांचा हिशेब छापला. पहिल्या दोन महिन्यांत जेमतेम तीस टक्के लोक खडामुक्त होते. ज्यांना वर्ष-दीड वर्ष उलटून गेलं होतं त्यांच्यात नव्वदच्या वर. आकडे चांगलेच होते. एकुलत्या, लहान खड्याचे तर फारच चांगले. कुणी लबाडी केली नव्हती.

अमेरिकेत मात्र सहाशे रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९० मध्ये आला. सहा महिन्यांनी, लहरींसोबत उर्सोडिऑल (तेच अस्वलाच्या नावाचं पित्ताम्ल) घेतलेल्यांपैकी २१ टक्के आणि नुसत्या लहरी घेतलेल्यांपैकी ९ टक्के खडामुक्त. म्हणजे शंभरातले एकोणऐंशी अजून चुरा घेऊन फिरत होते. अमेरिकी औषध प्रशासनाने पित्तखड्यांसाठी या यंत्राला परवानगी दिली नाही.

त्या काळात खडे घालवण्यासाठी लोकांनी काय काय केलं म्हणता! मेयो क्लिनिकमध्ये पोटातून थेट पित्ताशयात बारीक नळी घालून एमटीबीई नावाचं द्रावण सोडत आणि काढत. हे रसायन पेट्रोलमध्ये मिसळतात. खडा तासांत विरघळे. हेही मागे पडलं.

तुम्ही मात्र अजून १९९१ मध्ये आहात आणि मजेत आहात. तूप, भजी, सगळं पूर्ववत. एका संध्याकाळी पुन्हा तो पिळा. अंधारी खोली, गार जेल. "कुशीवर वळा." या वेळी एक नव्हे, तीन ठिपके घरंगळतात. बारीक, नवे, ताजे.

बर्लिनचा तो सर्जन आठवतो? पिशवी खडे तयार करते. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त होतं, ते अजूनही आहे. पिशवी आळशी होती, ती अजूनही आहे. तुम्ही दगड फोडला, खाण तशीच ठेवली. खडामुक्त झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना, काही अभ्यासांत पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास लोकांना, खडे परत झाले. म्युनिकच्या मंडळींनी स्वतःच हे आकडे मोजले आणि छापले. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याचा वाटतो. आपलं यंत्र किती चालतं हे सगळेच सांगतात. सोडून दिलेल्या रुग्णाला पाच वर्षांनी पुन्हा बोलावून त्याच्या पोटात काय उगवलंय हे बघायला वेगळी छाती लागते.

आता मनात चरफडत म्हणा, "दुसरं काही होतं की नाही?" होतं. आणि ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही टोस्टरकडे बघत होतात.

श्वास धरा. १२ सप्टेंबर १९८५. टबमधल्या त्या पहिल्या फटाक्यांना आठ महिने झालेत. देश तोच, जर्मनी. म्युनिकपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, स्टुटगार्टजवळचं ब्योब्लिंगेन गाव. जिल्हा इस्पितळ. इथे एरिश म्यूहे नावाचे सर्जन बेंबीपाशी छोटं छिद्र पाडून दुर्बीण आत सारतात आणि तिच्या आधाराने अख्खं पित्ताशय, खड्यासकट, ओढून बाहेर काढतात. कील शहरातल्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० मध्ये अशाच रीतीने आंत्रपुच्छ काढलं होतं. त्यावरून म्यूहेंनी स्फूर्ती घेतली. वीतभर चीर नाही, आणि पिशवीही नाही. लांगेनबुखचं म्हणणं आणि तुमची इच्छा, दोन्ही एकाच छिद्रातून.

म्यूहेंचं कौतुक झालं? १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा मोठमोठ्यांनी नाकं मुरडली. 'मिकी माउस सर्जरी' असली शेलकी विशेषणं वापरली गेली. पुढे एका रुग्णाच्या मृत्यूवरून त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, ते दोषी ठरले. १९९० मध्ये त्यातून सुटले. तोवर फ्रान्समध्ये लिऑनचे फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जोडीने हेच केलं होतं, आणि ती लाट पॅरिसहून अमेरिकेत जाऊन जगभर उसळली होती. १९९२ मध्ये त्याच जर्मन सर्जन संघटनेने म्यूहेंना सन्मान दिला. आपल्याकडेही हे काही अपरिचित नाही.

एक मुक्काम आणखी, आणि तो घरच्या वाटेवरचा. ३१ मे १९९०. मुंबई, भायखळा. पाऊस अजून आलेला नाही, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटतेय. जे.जे. रुग्णालयाच्या फाटकातून आत जा. डॉ. तेहेमटन उदवाडिया भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया करतायत. पोटात दुर्बीण घालून नुसतं बघण्याचं, निदान करण्याचं काम ते इथे १९७२ पासून करत आलेत. लोक त्याला हौस म्हणत. आज त्या हौसेतून पित्ताशय बाहेर येतंय. लक्षात घ्या, हे सरकारी रुग्णालय आहे. ज्यांना महिनाभर घरी बसणं परवडत नाही, असे हमाल, गिरणी कामगार, मोलकरणी इथे येतात. त्यांना आठवड्यात कामावर परत जाता येणं ही चैन नव्हती, चूल पेटण्याचा प्रश्न होता. लाखो मार्कांचं लहरींचं यंत्र, वर्षभराच्या परदेशी गोळ्या आणि वारंवार सोनोग्राफी, हे त्यातल्या किती जणांना झेपलं असतं?

म्हणून नव्वदच्या दशकात पित्ताशयावरची लहरींची यंत्रं एकेक करून मुतखड्यांकडे वळली. यंत्र खोटं नव्हतं. ते दगड फोडायचं म्हणालं होतं, दगड फोडला. पिशवीबद्दल ते काही बोललंच नव्हतं. पित्तनळीत अडकलेला मोठा, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीला दाद न देणारा खडा अजूनही कधी लहरींनी फोडतात. स्वादुपिंडाच्या नळीतल्या खड्यांवर तर ते फार उपयोगी ठरलं. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीमध्ये अशा रुग्णांची संख्या हजारांत गेलीय. तिथे चुऱ्याला बाहेर काढायला वाट करून देता येते, म्हणून.

"सोडा."

तुम्ही श्वास सोडता. अंधारी खोली, गार जेल. डॉक्टर टिश्यू पेपर पुढे करतात. जेमतेम वीस सेकंद गेलेत. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जातंय. रिपोर्ट हातात येतो: एक खडा, बारा मिलिमीटर, पित्ताशयाची भिंत सुजलेली नाही, नळी रुंदावलेली नाही.

घरी काकू कुळथाचं कढण करून ठेवेल, शेजारचे अण्णा पानफुटीची पानं आणून देतील. दोन्ही मुतखड्याची घरगुती औषधं. तुमचा खडा बाटलीतला आहे. कढण भाताबरोबर छान लागतं, जरूर ओरपा, पण खड्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. तपासणीत सहज सापडलेला आणि कधीच न दुखलेला खडा असता, तर बहुतेक वेळा त्याला नुसतं सांभाळून राहिलं तरी चाललं असतं. तुमचा दुखलाय. तेव्हा या आठवड्यात सर्जनची वेळ घ्या. त्याआधीच थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ काही तासांत उतरली नाही, तर वेळेची वाट न बघता तडक इस्पितळात जा.